टाकीतलं मीठ

धाराशिव,
६ जुलै २०२४

अक्का,

तुला फोन करायचा म्हणजे मी इथं घसा फोडून ओरडायचं, शेजारच्यांनी दार उघडून बघायचं आणि तू तिकडं "कोण बोलतंय?" म्हणत फोन आरोहीच्या हातात द्यायचा. त्यापेक्षा पत्र बरं. कानांनी दगा दिला तरी डोळे अजून शाबूत असतील.

रविवारी तुझ्याकडं जेवताना मी जे बोलले त्याचा मला जराही पश्चात्ताप झालेला नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचून तुझा गैरसमज व्हायला नको. तुझ्या चिरंजीवांनी, रणधीररावांनी, ताटावर बसून स्वतःच्या पोरीची अक्कल काढली. आरोही बी.एस्सी.च्या एका पेपरात नापास झाली, डिफरन्शियल इक्वेशनच्या. तेवढ्यावरून हा गडी म्हणतो, आपल्या घरातल्या बायांचं डोकं तेवढंच, आता शेजारच्या वाशीच्या ट्रॅक्टरवाल्यांना पोरगी बघायला बोलावतो. मी भाकरी खाली ठेवली आणि म्हणाले, "असा काय मोठा पेपर आहे तो? मी देते." तो हसला. म्हणाला, "मावशी, आपल्या घरातली एक बाई तो पेपर पास झाली, तर म्या लग्नाचा शब्द काढणार न्हाय. पोरीला शिकू द्या किती शिकायचं ते." आणि तू, माझी सख्खी बहीण, मला आवरायचं सोडून ताक वाढत बसलीस.

मी छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. गणिताशी माझा शेवटचा संबंध १९७६ साली इंटरला आला आणि तो दोन्ही बाजूंच्या खुशीनं तुटला. सोलापूरच्या कॉन्व्हेंटात सिस्टर बर्नाडेट म्हणायच्या, प्रयाग आधी बोलते आणि मग विचार करायला जागा शोधते. पन्नास वर्षांत त्यात एवढाच फरक पडला, की आता जागा शोधत नाही.

काल इथल्या कॉलेजात गेले. प्राचार्यांनी तीन दिवस नियमांची पुस्तकं चाळली होती. सहासष्ट वर्षांच्या बाईला एकच विषय घेऊन वर्गात बसू देऊ नये, असा नियम कुठं सापडला नाही, म्हणून नाइलाजानं प्रवेश मिळाला. खिडकीवरच्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "पाल्याचं नाव?" मी म्हणाले, "पाल्य समोर उभं आहे."

तुझी,
प्रयाग


येरमाळा,
१५ जुलै

प्रयाग,

पत्र पोचलं. दोन येळा वाचलं.

ताक वाढत बसले, कारण ताट रिकामं व्हतं. तुझ्या तोंडाला लगाम घालायचं तुझ्या सासूला जमलं न्हाय, मला काय जमतंय. रणधीरला म्या बजावलंय, निकाल लागंस्तोवर वाशीकडं फोन जायचा न्हाय. त्यो म्हणला, "सहा महिन्यांची तर गोष्ट हाय, मावशी काय पास व्हतीय." आन लई हसला. तुझ्यावर हसला त्याचं मला वाईट वाटलं न्हाय, तू हसण्यासारखंच केलंस.

आरोहीनं पुस्तकं पेटीत घातली. म्हणती, त्या विषयाचं नाव काढू नका माझ्याम्होरं. भाकरी करती आन गप असती. घरात बाई असून आवाज न्हाय, असं बरं न्हाय वाटत.

तू शिकशील ते लिहीत जा. म्या चौथी शिकले, पर वाचाय काय जातंय. कागद जाड घे. तुझ्या पातळ कागदावर दोन्हीकडचं एकदम दिसतंय, आन तुझं एकीकडचंच पुरं व्हतंय मला.

धुरपदा


धाराशिव,
११ ऑगस्ट

अक्का,

कागद जाड घेतला आहे. त्यावरचा मजकूर मात्र पातळच आहे, कारण पाच आठवड्यांत मला फार काही कळलेलं नाही.

पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले आणि सगळी मुलं उभी राहिली. मी प्राचार्यांची कोणी तपासनीस आहे, असं त्यांना वाटलं. मग फळ्याजवळ खुर्चीत बसलेले सरही उभे राहिले. मी सवयीनं म्हणाले, "बसा." सगळे बसले. सरही बसले. आता शिकवायचं कोणी, असा प्रश्न दोन मिनिटं वर्गाला पडला होता. हे सर म्हणजे शांतलिंग, आठवीत माझ्याच वर्गात होता. मी त्याला एकदा सबंध तासभर वर्गाबाहेर उभं केलं होतं. ते त्याच्या लक्षात आहे, माझ्याही आहे, आणि आम्ही दोघंही विसरल्याचं सोंग करतो.

विषय असा आहे. एखादी गोष्ट किती आहे ते सांगत नाहीत. ती किती वेगानं वाढते किंवा घटते तेवढंच सांगतात, आणि त्यावरून ती किती आहे ते आपण शोधायचं. म्हणजे सून किती चिडली आहे ते सांगायचं नाही. राग मिनिटाला किती चढतो तेवढं सांगायचं, आणि जेवणं होईपर्यंत कुठं पोचेल ते सासूनं काढायचं.

परवा एक उदाहरण आलं. पाचशे लिटरची टाकी. तिच्यातल्या पाण्यात दहा किलो मीठ विरघळलेलं. वरून मिनिटाला दहा लिटर गोडं पाणी पडतं आणि खालच्या तोटीतून मिनिटाला दहा लिटर खारं पाणी जातं. तर शंभर मिनिटांनी टाकीत मीठ किती उरेल? मी हात वर केला. "सर, हे पाणी शंभर मिनिटं सलग येतं? कुठल्या गावाला?" आमच्या कॉलनीत आठ दिवसांतून एकदा नळ येतो, तोही पंचेचाळीस मिनिटं. तेवढ्यात वरून भरायचं आणि खालून सोडून द्यायचं, अशी बाई या जिल्ह्यात जन्माला यायची आहे. आणि दहा किलो मीठ घातलं कोणी? त्याच्या घरी विचारणारं कोणी नव्हतं? वर्ग हसून लोळायला लागला. शांतलिंग बिचारा कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "बाई, हे पुस्तकातलं पाणी आहे."

पुस्तकातल्या पाण्यावर माझा विश्वास बसत नाही, म्हणून ते उदाहरण मला अजून सुटलेलं नाही.

प्रयाग


येरमाळा,
२० ऑगस्ट

प्रयाग,

तुझ्या टाकीचं वाचून म्या लई हसले. मग भांडी घासताना इचार केला.

आपल्या हिरीत मागं पावडर टाकली व्हती, ध्यानात हाय का? झऱ्यातनं नवं पाणी येत व्हतं, मोटारीनं जुनं बाहेर पडत व्हतं. पहिल्या दिशी वास नाकात बसायचा. दुसऱ्या दिशी निम्मा झाला. तिसऱ्या दिशी निम्म्याचा निम्मा. जवा लई व्हतं तवा लई जायचं, थोडं राहिलं तवा थोडं जायचं. पर समदं गेलं असं म्हणता येत न्हाय, लई दिस जरा जरा लागायचंच. तुझं मीठ तसंच जात असंल.

नळाचं सोड, हिर धर.

सोडवलेली उदाहरणं माझ्याकडं धाडत जा. मला बघायचंय तू वही कशी लिहितीस. परत धाडीन.

धुरपदा


धाराशिव,
१४ सप्टेंबर

अक्का,

तुझी विहीर मी शांतलिंगला सांगितली. तो म्हणाला, "बाई, तुमच्या अक्कांनी पुस्तकातलं एक आख्खं प्रकरण सांगितलं." मी त्याला म्हणाले, तिला चौथीतून काढलं नसतं, तर आज तू तिच्या वर्गात बसला असतास.

आता भांडणाचं. तू परत पाठवलेले कागद काल मिळाले. त्यांच्यावर पेन्सिल कोणी चालवली? सात उदाहरणं, पैकी पाच चूक. एकाखाली तर लिहिलं आहे, "सी कुठं गेला?" (प्रत्येक उत्तराच्या शेवटी एक सी नावाचा आकडा जोडावा लागतो. सुरुवातीला टाकीत किती होतं, ते त्याच्यावरून कळतं. मी त्याला सतत विसरते.) छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल शाई सांडली. माझ्या कागदावर कोणी खूण करावी, असा प्रसंग सिस्टर बर्नाडेटनंतर आला नव्हता. अक्षर बारीक, उजवीकडं झुकलेलं आणि उद्धट आहे. रणधीरनं माझी फजिती आधीच बघायला कोणी शिकवणीवाला धरला आहे का?

त्या माणसाला माझा निरोप दे. त्याच्या सगळ्या दुरुस्त्या मी तपासल्या. सगळ्या बरोबर आहेत. त्यामुळं मला जास्तच राग आला आहे. पुढचे नऊ कागद सोबत जोडले आहेत, लवकर बघून परत करायला सांग.

प्रयाग


येरमाळा,
१३ ऑक्टोबर

प्रयाग,

पेन्सिलवाला घरचाच हाय. जास्ती इचारू नको. तुझे कागद आले न्हाईत की पोस्टमन धुळाप्पाला बोलणी बसत्यात. म्या न्हाय बोलत. ह्या येळी नवातली सहा बरोबर आलीत, बघ. त्याला लई बरं वाटलं.

यंदा सोयाबीन चांगलं हाय, आन काढायला बाया मिळंनात. रणधीर म्हणला, आरोहीला रानात घेऊन जा. म्या म्हणलं, तिला ताप हाय. पंधरा दिस ताप हाय तिला. गोळी न्हाय, औषध न्हाय. म्याच गेले काढायला. कंबर धरलीय, पर व्हतंय.

परीक्षा कवा हाय ते कळव.

धुरपदा


धाराशिव,
२९ नोव्हेंबर

अक्का,

आरोहीच्या तापाचं वाचल्यापासून मला चैन नाही. पंधरा दिवस म्हणजे टायफॉईड असू शकतो. रक्त तपासलं का? तुम्ही लोक अंगावर काढता आणि मग धावपळ करता. तुला उत्तर लिहायला घेतलं होतं, पण अभ्यासात राहून गेलं. या वाक्यात माझ्या वयाला शोभेल असं काहीही नाही, याची मला जाणीव आहे.

परवा, सत्तावीस तारखेला, पेपर झाला. मन घट्ट करून वाच.

पहिले दोन प्रश्न बरे गेले. तिसऱ्यात लटपटले. चौथा उघडला, तर समोर तीच टाकी. तेच पाचशे लिटर, तेच दहा किलो. जुनी मैत्रीण भेटल्यासारखं मला वाटलं. समीकरण मांडलं. तुझी विहीर डोळ्यांपुढं आणली. सी सुद्धा लिहिला. मग शेवटची ओळ वाचली, "शंभर मिनिटांनी किती मीठ उरेल?"

त्या दिवशी सकाळी आमच्याकडं नळाचा दिवस होता, अक्का. मी पाच वाजता उठून भरायला लागले होते, आणि दोन बादल्या राहिल्या असताना पाणी गेलं होतं. पेन धरलेल्या हातानं माझा सल्ला न घेता लिहून टाकलं: पंचेचाळीस मिनिटांनी पाणी बंद होईल. आणि वरचा नळ गेल्यावर शहाणी बाई खालची तोटी उघडी ठेवत नाही, म्हणून तीही मी बंद केली. त्यामुळं पुढं मीठ बदलायचा प्रश्नच नव्हता. उत्तर चार किलो आणि वर थोडं. खाली दोन रेघा मारल्या. शेजारच्या बाकावरचा मुलगा डोकं खाजवत होता, त्याच्याकडं मी दयेनं बघितलं.

घरी येऊन चहाचं आधण ठेवलं, आणि तोटी बंद करताना मला ते कळलं. खरं उत्तर दीड किलोच्याही आत आहे.

उरलेलं मी मोजत नाही. काठावर असेन.

प्रयाग


धाराशिव,
२४ जानेवारी २०२५

अक्का,

निकाल लागला. पंचाहत्तरपैकी तीस पाहिजेत. मला सत्तावीस आहेत.

टाकीच्या उदाहरणाला आठ गुण होते. मांडणीचे दोन मिळाले, बाकीचे सहा मी तोटीबरोबर बंद केले. शांतलिंग घरी आला होता. म्हणाला, "बाई, पेपर माझ्याकडं तपासायला आला असता तर..." मी म्हणाले, "तर काय? मी तुला पुन्हा वर्गाबाहेर उभं केलं असतं." मग तो चहा पिऊन गेला आणि मी दार लावून घेतलं.

मला नापास झाल्याचं काही नाही. म्हणजे आहे, पण ते मी सोसेन. आयुष्यभर मी मुलांना नापास केलं, आता त्यांची फेड झाली. मला सलतं ते वेगळंच. मी पैज लावली तेव्हा माझं काय पणाला लागलं होतं? काही नाही. माझी पेन्शन चालू, माझा चहा चालू. जे पणाला लागलं होतं ते सगळं आरोहीचं होतं, आणि मी तिला विचारलंसुद्धा नव्हतं. तिच्या बापाला जीभ दाखवायची म्हणून मी तिचं शिक्षण ताटाशेजारी ठेवलं आणि हरून बसले, तेही नळाच्या पायी.

रणधीरला सांग, मावशी हरली. वाशीच्या लोकांपुढं मी हात जोडायला येते, सहा महिने थांबा म्हणून. मला हात जोडता येत नाहीत, पण शिकेन.

आरोहीला काय लिहू ते सुचत नाही.

प्रयाग


येरमाळा,
३० जानेवारी

प्रयाग,

रडली असशील. कागदावर दोन ठिकाणी शाई फुगलीय.

तुझं पत्र रणधीरच्याच हातात पडलं. वाचलं आन खुशीत फोन काढला, वाशीला लावाय. म्या म्हणलं, थांब. आरोहीला हाक मारली, म्हणलं, आण गं तुझा कागद.

तिला एकसष्ट हायत. पंचाहत्तरातले. त्योच पेपर, त्याच दिशी, कळंबच्या कालेजात.

तू पहिली सात उदाहरणं धाडलीस ना, ती म्या चुलीपाशी ठेवली, मुद्दाम. भाकरी करता करता पोरीनं बघितली. म्हणली, "आज्जी, मावशीआजीला तर काहीच येत न्हाय." तापलीच. हात धुतलं, पेन्सिल घेतली. तुझ्या चुका दुरुस्त कराय तिला पुस्तक लागलं, म्हणून पेटी उघडली. तुझं लई चुकत व्हतं, म्हणून पेटी उघडीच राहिली. पंधरा दिसांचा ताप त्योच व्हता. मग म्या फारम भराय लावला. पेपराच्या दिशी रणधीरला सांगितलं, डोळं दाखवाय कळंबला जातो दोघी. ते खोटं न्हाय. पोरगी आत बसली तवर म्या दाखवून आले. मोतीबिंदू हाय.

रणधीर म्हणला, "पैज मावशीची व्हती, हिची न्हाय." म्या म्हणलं, "तू म्हणला व्हतास, आपल्या घरातली एक बाई. ताक वाढताना म्या ऐकलं व्हतं." त्यो म्हणला, "आई, तुला तर ऐकू येत न्हाय." म्या म्हणलं, "कामाचं येतंय." आन तुझं सहा जुलैचं पत्र काढून म्होरं ठेवलं. त्यात त्याचा शब्द जसाच्या तसा हाय. वाचला, टोपी घातली आन रानात गेला. सांजच्याला येऊन पोरीला इचारलं, "म्होरल्या वर्साची पुस्तकं कवा आणायची?"

आता एक सांगते, ते तुलाच.

पोरगी आदुगर नापास झाली ती डोक्यापायी न्हाय. सोयाबीन व्हतं, बाया नव्हत्या. म्याच म्हणलं, राहा घरी वीस दिस, कालेज काय पळून चाललंय का. ती राहिली. निकाल आला तवा समदे तिच्या डोक्याला बोलले आन म्या गप बसले. तू भाकरी ठेवून उठलीस तवाबी गप बसले. ताक वाढायचं निमित्त व्हतं. मला चौथीतनं काढलं तवा ज्वारी काढायची व्हती. आई म्हणली व्हती, साळा काय पळून चाललीय का. तुला मामानं सोलापूरला नेलं. तुझ्यावर कवा राग नव्हता. पर आईचं बोलणं माझ्या तोंडात कवा येऊन बसलं, मला कळलं न्हाय.

तू पैज लावलीस म्हणून मला फेडता आलं. तुझी उदाहरणं बरोबर आली असती तर आरोही पेपराला बसलीच नसती. तवा तुझ्या नळाला म्या नावं ठेवणार न्हाय.

धुरपदा


धाराशिव,
७ फेब्रुवारी

अक्का,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तू मला चुलीपाशी ठेवलेलं आमिष केलंस, त्याबद्दल तुझ्यावर कडाडून रागवायचं म्हणून बसले होते. दोन कागद फाडले. राग आलाच नाही. सहासष्ट वर्षांत अशी वेळ पहिल्यांदा आली आहे, त्यामुळं पत्र कसं पुरं करायचं ते कळत नाही.

आरोहीला सांग, तिचं अक्षर उद्धट नाही. टायफॉईडबद्दल मी जे लिहिलं ते तिला वाचून दाखवू नकोस. दाखवलं असशीलच. मी परत फॉर्म भरला आहे. आता पैज नाही, कोणाला दाखवायचं नाही, नुसता तो पेपर हवा आहे मला. कागद पाठवत राहीन. पेन्सिल नको म्हणावं. लाल शाई वापर, लायकी तीच आहे माझी.

मोतीबिंदूचं इथं करू. पंधरा दिवस माझ्याकडं राहायचं. मी ओरडून बोलेन, शेजारी दार उघडून बघतील, बघू देत.

आणि ऑक्टोबरात सोयाबीन काढायला मला बोलव. आरोही कॉलेजात असेल आणि तुझी कंबर गेलेली आहे, तेव्हा एक बाई कमी पडणार. तुम्ही सगळे रानात असायचात तेव्हा मी सोलापुरात पियानोच्या तासाला बसलेली असायचे, हे आता मोजायला लागले आहे. विळा मला धरता येत नाही. पण असं काय मोठं काम आहे ते?

हे शेवटचं वाक्य लिहिलं आणि मलाच घाम फुटला.

प्रयाग


येरमाळा,
१४ फेब्रुवारी

प्रयाग,

ऑपरेशनला येते. नळाचा दिस बघून तारीख घे. तू एकटी किती भरणार.

आरोही म्हणती, नव्या कागदातबी सी लिहायचा राहिलाय.

इळा काढून ठेवलाय. बोथट हाय. पहिल्या वर्साला तुला त्योच बरा.

धुरपदा